बाणूबाईच्या नावाची बिअर

घोटभर बिअर तोंडात घोळवून त्यावर कितीतरी वेळ बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच शेतात, येळवशीच्या म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी. समर्थ त्याचं नाव. कलबुर्गीच्या प्राध्यापकाचा मुलगा, आता बेंगळुरूत राहतो आणि बिअर चाखून मोबाइलवर गुण देतो. लाखभर लोक म्हणे त्याचं ऐकून पितात. एवढी माणसं रिकामी कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याला घेऊन आला माझा धाकटा भाऊ मल्लेश. तो बेंगळुरूत बिअर बनवणाऱ्या एका हॉटेलात मॅनेजर आहे. येळवशीला आमच्या राजेश्वर गावच्या शिवारात कडब्याची कोप म्हणजे खोपी उभारतात, लक्ष्मी पुजतात, उभ्या पिकाला ताक-ज्वारीची आंबील शिंपडतात आणि वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हात धरून जेवायला बसवतात. त्या दिवशी शेतात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. आमची माय तर मागणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत देऊन मोकळी होते. मल्ल्यानं मुद्दाम हाच दिवस धरला होता.

त्याला मायचं नाव हवं होतं. हॉटेलची नवी बिअर निघणार होती, ज्वारीची, आंबिलीच्या चवीची. तिचं नाव मायचंच, ‘बाणूबाई’. नमुन्याच्या बाटलीवर मायचं चित्रसुद्धा छापून झालं होतं, नाकात भलीमोठी नथ. मायनं जन्मात नथ घातलेली नाही. मालकाला फक्त तिचा होकार पाहिजे होता, कॅमेऱ्यासमोर.

आमचे अप्पा पिऊन पिऊन गेले. त्यानंतर मायनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि गावातला गुत्ता बंद पाडला. त्याच बाईचं नाव बिअरला द्यायचं, यात मल्ल्याला काही वावगं वाटत नव्हतं.

“अक्का, ती दारू येगळी. ही क्राफ्ट बिअर हाय,” तो मला समजावू लागला.

“अप्पाच्या लिव्हरला सांगायचं होतंस की. त्याला फरक कळला न्हाई,” मी म्हणाले. मला त्याचा भयंकर राग आला होता.

तिकडे समर्थनं पोत्यावर ग्लास मांडले. पेरू-मिरचीची बिअर, चिंचेची बिअर, गुलकंदाची बिअर. एवढं सगळं घालायचं तर सरळ चटणी तरी करावी. एकेका ग्लासात नाक खुपसून तो मोबाइलकडे बघत बोलायचा. शेवटी त्यानं ती ज्वारीची काढली. ही न गाळलेली, पिंपात जिवंत ठेवलेली ‘खरी एल’, म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीची बिअर आहे, असं त्यानं सांगितलं आणि डोळे मिटले.

“यात ओल्या गोठ्याची सुरेख छटा आहे,” तो म्हणाला.

“गोठा तिकडं हाय. फुकट हुंगा,” मी म्हणाले. तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करते आहे.

मग मायनं त्याला मडक्यातली आंबील दिली. त्यानं तीही तोंडात घोळवली आणि दहापैकी साडेसात गुण दिले. लसूण जरा पुढे येतो, म्हणाला. आमच्याकडे आंबील पितात आणि आणखी मागतात, तिला गुण देणारा हाच पहिला.

“काय म्हणायलाय त्यो?” मायनं विचारलं.

“तुझ्या आंबिलीला मार्क द्यायलाय.”

“देऊ दे. पावना हाय,” माय म्हणाली आणि तिनं त्याचा पेला पुन्हा भरला.

तेवढ्यात मल्ल्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला. “माय, आज येळवस हाय. न्हाई म्हनू नको. तुझं नाव दे.”

“लाज वाटत न्हाई का रं, मल्ल्या?” मी ओरडले. मायनं हातानं मला गप्प केलं. ओले हात पदराला पुसून तिनं बाटली घेतली आणि ते चित्र बराच वेळ पाहिलं.

“दिलं,” ती म्हणाली.

समर्थनं टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटायची वेळ आली.

“पन माझं एकटीचं नको,” माय पुढे म्हणाली. “खाली तुझ्या अप्पाचंबी घाल. मायाप्पा. आन् त्यो कशानं मेला, तेबी लिव्ह.”

मल्ल्याचा चेहरा उतरला. मोबाइल मात्र तसाच चालू होता.

“माय, असं कामून बोलायलीस? असं लिव्हल्यावर बाटली कोन घेईल?”

“कोनीच घ्यायचं न्हाई,” माय म्हणाली. “म्हनूनच लिव्ह म्हनते.”