दोन गाड्यांच्या मधलं जाळं

मी जाळं बोलतंय. दचकू नका. पाखरं धरतं खरं, पण सोडून देण्यासाठी. कोळ्यांकडच्या माझ्या भावंडांना हे कळलं, तर हसून हसून त्यांच्या गाठी सुटतील.

मला केसासारख्या बारीक काळ्या धाग्याने विणलंय. झुडपांपुढे ताणलं की मी दिसतच नाही. पाखरू येतं, माझ्या झोळात अलगद पडतं आणि मग जगातल्या सगळ्या शिव्या मला देतं. वटवट्या तर बोटभर, पण तोंड केवढं! पाखरांची मोजदाद करणाऱ्या आमच्या बाई येऊन त्याला सोडवतात, पायात नंबराची बारीकशी कडी घालतात, पंख मोजतात, वजन करतात आणि उडवून देतात. गाणारी पाखरं वाढली की घटली, हे असं कळतं.

बाईंचा नियम एकच. तीच जागा, तीच वेळ, तेवढंच जाळं. पाखरं पलीकडे नाचत असली तरी मी तसूभर हलायचं नाही, नाहीतर यंदाचा आकडा मागच्याशी ताडून कसा बघणार? सुरुवातीला मी भरून जायचं. पुढे पुढे नुसतं वारा खात उभं राहायला लागलं. मला आपलं वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

मग ती झुडपं तोडून गाड्या लावायला जागा करायचं निघालं. पाखरं घटताहेत, एवढी झुडपं तरी ठेवा, म्हणून बाई दारोदार फिरल्या. शेवटी एक साहेब स्वतः बघायला येणार, असं ठरलं.

खांब रोवायला बाईंचे दीर येतात, आमचे भाऊजी. माणूस लाख, पण उत्साह आवरत नाही. वहिनींची लाज राहावी म्हणून त्यांनी त्या सकाळी मला गुपचूप उचललं आणि फळांनी लगडलेल्या झुडपापुढे नेऊन लावलं.

काय सांगू! गच्च भरलं की हो मी. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

साहेब खूश. "अहो बाई, पाखरं तर भरपूर आहेत! मग काळजी कसली? तोडू की झुडपं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. भाऊजी कान चोळत म्हणाले, "वहिनी, मी हलवलं. तुमच्यासाठीच हो."

बाईंनी आधी एकेक पाखरू सोडवलं. मग म्हणाल्या, "साहेब, ही हिशेबात घेऊ नका. जाळं जागेवर लावते, मग बघा."

साहेब खुर्ची टाकून बसले. मी जन्मात पहिल्यांदा देव पाण्यात घालून बसलं. एकही येऊ नका रे बाबांनो! कोणी आलंही नाही. ऊन चढलं. साहेबांनी मान पुसली.

"एकही नाही?"

"एकही नाही!" बाई जवळजवळ आनंदाने म्हणाल्या.

"मग झुडपं ठेवायची कुणासाठी?"



आता तिथे डांबर आहे. बाई वाळूच्या बादल्यांत खांब उभे करून मला दोन गाड्यांच्या मधे ताणतात. जागा तीच, वेळ तीच. लोक हसतात. भाऊजी त्यांच्याशी भांडतात आणि वहिनींची नजर चुकवून डोळे पुसतात. बाई शून्य मांडतात. मला फार वाईट वाटतं त्यांचं.

तेव्हा गाडी लावायला आलात, तर हॉर्न वाजवू नका, जरा चार हात मागेच थांबा. वाट चुकून एखादं येईलही. बाई वजनकाटा अजून रोज घेऊन येतात.