जमेल त्याला

त्याने वर्णपटमापीच्या दुर्बिणीला डोळा लावला, स्क्रू अलगद फिरवला आणि पुन्हा मान वर केली.

"नाही दिसत."

"सरक." तिने लोलक नखभर फिरवून आत पाहिलं. अंधारात सोडियमच्या दिव्याची पिवळी रेघ लख्ख उभी होती. "ही बघ. आता आकडे लिही."

त्याने पेन उचललं नाही. एवढा ताडमाड मुलगा. वर्गात सगळे त्याला लंबू म्हणत. सगळे म्हणजे ती आणि सर. पण प्रयोगशाळेच्या त्या अंधाऱ्या खोलीत तो अंग चोरून उभा होता.

"मी सोडतोय," तो म्हणाला. "नर्सिंगला नंबर लागलाय. शुक्रवारपर्यंत प्रवेश घ्यायचा आहे."

तिचा हात लोलकावरच राहिला.

भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला ते दोघंच उरले होते. एकट्या विद्यार्थ्यासाठी वर्ग चालवायचा नाही, हा विद्यापीठाचा नियम. तो गेला की तिची रवानगी रसायनशास्त्रात. आणि आता कुठे अणूच्या आतलं गणित सुरू झालं होतं. त्याचीच तर ती पहिल्या वर्षापासून वाट बघत होती. भाजी निवडताना, केस विंचरताना समीकरणं डोक्यात घोळत राहायची. आई म्हणायची, "आमचं वेडं स्वतःशीच बोलतं."

म्हणूनच तिने लंबूला इथवर ओढत आणलं होतं. त्याची गणितं सोडवून दिली, प्रयोगांचे आकडे काढून दिले. त्याला वाटायचं, काय जीव लावते ही पोरगी! तिनेही त्याला तसं वाटू दिलं.

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं. बाबा म्हणाले, लोकांचं हागणं-मुतणं काढायला तुला शिकवलं नाही." त्याने पेन बाजूला सारलं. "आई आजारी होती ना, तेव्हा सगळं मीच करायचो. तिला कुशीवर वळवताना हातांना आपोआप कळायचं, कुठे धरायचं, कुठे नाही. इथे काहीच कळत नाही गं. तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतील."

"बोलते," ती म्हणाली.

लंबूच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. ती आली तसे ते मशीनवरून उठले, स्टुलावरच्या चिंध्या झटकून म्हणाले, "बस, पोरी. अरे, चहा टाक रे."

लंबू पडद्यामागे गेला. वडिलांनी गळ्यातली टेप काढून बोटांना गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"याची आई गेली आणि याने हे दवाखान्याचं खूळ घेतलं. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिला. मला त्या अभ्यासातलं ओ की ठो कळत नाही. तुला कळतं. माझ्यासाठी म्हणून बरं बोलू नकोस, खरं काय ते सांग. जमेल का त्याला?"

पडद्यामागे कपांचा आवाज थांबला.

वाटेत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. काका, त्याचा जीव तिकडे आहे, जाऊ द्या त्याला. एवढंच तर म्हणायचं होतं. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"जमेल, काका. थोडा आळस करतो, इतकंच."

वडिलांचा चेहरा उजळला. "ऐकलंस का रे?" त्यांनी आत हाक मारली.

आत कप पुन्हा वाजले. जरा वेळाने लंबू चहा घेऊन आला. कप फार गरम होता, म्हणून त्याने खाली रुमालाची घडी धरली, कपाचा कान तिच्याकडे वळवला आणि तिची पकड नीट बसल्यावरच हात काढला. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

शुक्रवार गेला. लंबू रोज वेळेवर वर्गात येऊ लागला. तो भांडेल, चार शब्द सुनावेल, याची ती वाट बघत होती. शेवटी जिन्यात तिनेच विचारलं, "माझ्यावर चिडलायस?"

"छे गं." तो खरंच चिडलेला दिसत नव्हता. "मी विचार केला. तुला यातलं सगळं कळतं. तू जमेल म्हणालीस, म्हणजे मीच कमी पडत असणार. आता नेटाने करतो."

"अरे, मी तेव्हा..."

"आणि आता मला गणितं सोडवून देऊ नकोस हं. माझं मला करू दे."

ती एक पायरी चढली. तोवर तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला.

वर्गात सरांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं. "कोण सोडवतं?" त्यांनी विचारलं, आणि कधी नव्हे तो लंबू उठला. सर कौतुकाने बाजूला झाले. त्याचे डोळे तांबारलेले होते, दाढी वाढली होती. त्याने खडू घट्ट धरून पहिली ओळ लिहिली, मग दुसरी, तिसरी. ठळक, सुवाच्य अक्षरात. चूक पहिल्याच ओळीत होती.

सर काही बोलायच्या आत तो वळला. सरांकडे नाही, तिच्याकडे.

"बरोबर चाललंय ना?" त्याने विचारलं.