उजवा खांदा अर्धं बोट खाली

"सर, सगळं कॉम्प्युटरच करणार असेल, तर तुम्हाला पगार कशाचा मिळतो?"

प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की विचारून दाखव, महिनाभर तुझं दप्तर आम्ही वाहू. मागच्या वर्षी मला नुसत्या विचारानेच घाम फुटला असता. पण यंदा माझं नाव 'तोफ' पडलंय. नावाला जागायला नको?

वर्ग खो खो हसला. कॉम्प्युटरचे सर मात्र शांत. "याला जे सांगितलं नाही, ते याला कळत नाही. काय सांगायचं ते मला कळतं. त्याचा पगार. बस खाली, तोफे."

अरे देवा, नाव सरांपर्यंत पोचलं होतं!

घरी येऊन हा किस्सा रंगवून सांगितला, पण कुणाला हसूच येईना. बाबा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. वीस वर्षं पुठ्ठ्याचे साचे कापडावर ठेवायचे, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची. आता तिथे साचे आखणारा कॉम्प्युटर आलाय. मालकीणबाईंनी बजावलं होतं, की पार्सल पोचवणाऱ्यांच्या जॅकेटचा साचा सोमवारपर्यंत त्याच्यावर काढून दाखवा, नाहीतर मी बाहेरून माणूस आणते. तुम्ही पॅकिंगला.

"पॅकिंग!" बाबा म्हणाले. "म्हणजे दुसऱ्याने कापायचं आणि मी घड्या घालायच्या."

"म्हणूनच म्हणते," आई माझ्याकडे वळली, "सुट्टीत तू कॉम्प्युटरचा क्लास लाव. या घरात आणखी कुणी कात्री धरायची नाही."

शनिवारी दुपारी मी बाबांबरोबर कारखान्यात गेले.

"बाबा, माऊस आहे तो, इस्त्री नाही! किती दाबताय?"

"टेबल संपलं गं."

"मग उचला आणि परत मधे ठेवा."

"बाण हलेल की."

"नाही हलत. बघा तर."

बाबांनी जपून माऊस उचलला, मधे ठेवला. बाण जागच्या जागी! मग त्यांनी उगीचच आणखी तीनदा उचलून पाहिला.

तासाभरात अर्धं जॅकेट आखून झालं. उरलेलं अर्धं कॉम्प्युटरने आपणहून, डोळ्याचं पातं लवायच्या आत आखून टाकलं. मी टाळ्या वाजवल्या.

"चुकलंय," बाबा म्हणाले.

"कॉम्प्युटर चुकत नसतो हो!"

बाबांनी भिंतीवरचा जुना पुठ्ठा काढून माझ्यापुढे धरला. त्याच्या दोन बाजू सारख्या नव्हत्याच.

"उजवा खांदा अर्धं बोट खाली. ही माणसं पिशवी कायम त्याच खांद्यावर टाकतात, तो उतरतो. दोन्हीकडे सारखं कापलं तर जॅकेट एका अंगाला ओढतं, कॉलर मानेला घासते."

"हे कुणाकुणाला माहितीये?"

"माझ्या कात्रीला. आणि हसतेस काय? आरशात बघ. दप्तराने तुझाही उतरलाय."

बघितलं. उतरला होता!

मी माऊस घेतला आणि सगळे कोपरे धुंडाळले. एका जागी 'दोन्ही बाजू सारख्या' असं लिहून पुढे छोटीशी टिक होती. काढली. "आता खांद्याचा ठिपका धरा आणि खाली ओढा."

"किती?"

"मला काय विचारताय? मास्टर तुम्ही!"

बाबांनी टेपवर आपलं बोट आडवं ठेवून माप घेतलं, निम्मं केलं आणि ठिपका ओढला. खांदा उतरला. बाबांचे खांदे मात्र दुपारपासून पहिल्यांदाच जरा सैल झाले.

सोमवारी साचा बघून मालकीणबाई उखडल्या. "मास्तर, हे वाकडं आहे!" एरवी बाबा गप्प बसले असते. त्या दिवशी त्यांनी दोन जॅकेटं शिवून घेतली, एक सारख्या खांद्यांचं, एक आपलं. तेवढ्यात दोऱ्यांचं पार्सल घेऊन एक बाई आल्या. त्यांनाच दोन्ही घालून बघायला सांगितलं, खांद्यावर पिशवीसकट. पहिल्याची कॉलर लगेच कलली. दुसरं घालून त्यांनी मान इकडेतिकडे फिरवली आणि विचारलं, "हे आत्ताच घालून गेले तर चालेल?"

"मग? मालकीणबाई काय म्हणाल्या?" रात्री जेवताना आईने विचारलं.

"म्हणाल्या, बाहेरचा माणूस राहू दे. टेबल तुमचं आणि कॉम्प्युटरही तुमचाच."

आई खूश! मला म्हणाली, "बघितलंस? उद्याच क्लासला नाव घालून ये."

मी उठून उभी राहिले. तोफेने बसून बोलायचं नसतं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. कॉम्प्युटर मी शाळेत शिकतेच आहे, तो काही सोडत नाही. पण ही सुट्टी मी बाबांच्या टेबलापाशी काढणार. पुठ्ठा, खडू, कात्री, सगळं शिकणार. कॉम्प्युटरला सांगण्यासारखं माझ्याकडेही काहीतरी हवं ना!"