तार कोणी बांधली

मित्रांनो, लोखंड कापणारी, हातात धरायची गोल करवत तुम्ही कधी पाहिली आहे का? मी तीच आहे. आता जुनी झाले. वसईजवळच्या निर्मळ गावातल्या एका वाडीत, केळीचे घड ठेवायच्या खोलीत, गोणपाटात गुंडाळलेली पडून असते. अंगावरचा निळा रंग निम्मा उडाला आहे आणि पात्यावर गंज चढला आहे. माझ्या कहाणीत एका चांगल्या कारागिराचा पाय गेला. ऐकायला ती बरी वाटणार नाही. तरी ऐका, कारण जे घडले ते पाहणारी मीच होते आणि मला बोलता येत नव्हते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. तिथून मी आखातातल्या एका गोदीत गेले. तिथे बोटी दुरुस्त होत. निर्मळचा मायकल तिथे सहा वर्षे कामाला होता आणि मला तोच चालवत असे. सन दोन हजारमध्ये तो कायमचा घरी परतला, तेव्हा त्याने मला कांबळ्यात गुंडाळून ट्रंकेत घातले आणि बरोबर आणले. इथे आल्यावर माझा प्लग बदलून जाड गोल पिनांचा बसवला, आणि मी वसईची झाले.

मायकलने वसईतच गोखिवऱ्याला पत्र्याची शेड घेतली. खिडक्यांच्या जाळ्या, फाटके, जिन्यांचे कठडे, टाक्यांचे स्टँड असे काम तिथे चाले. तेव्हा विरारपर्यंत इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि राहायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी खिडकीला जाळी हवी असे. कामाला दोन माणसे होती. प्रल्हाद साताऱ्याकडचा, पस्तिशीचा. पूर्वी एसटीच्या वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर पत्रे कापत असे. दुसरा चंद्रहास, त्याच्याहून थोडा लहान, विरारला प्रल्हादच्याच चाळीत राहणारा.

मायकल माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. सकाळी निर्मळहून स्कूटरवर येताना तो वाडीतली केळी घेऊन येई आणि तिघे मिळून खात. मला पहिल्यांदा बाकावर ठेवले तेव्हा त्याने दोघांना समोर उभे केले.

"पहिली गोष्ट, प्लग बाहेर," तो म्हणाला. "प्लग आत असताना पात्याला हात लावायचा नाही. मी सांगितलं तरी नाही."

मग त्याने पाते कसे बसवायचे ते दाखवले. दातांची दिशा बाणाप्रमाणे लागते, नट पान्याने घट्ट आवळावा लागतो आणि पाते आधी हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघावे लागते. पाते पाइपच्या खाली जेमतेम डोकावेल इतकेच उतरवायचे. पाइप दोन शिकंज्यांत पक्का धरायचा, पायाने दाबून नाही. तुटून पडणारे टोक मोकळे ठेवायचे, नाही तर पाते अडकून मशीन मागे उसळते. डोळ्यांना चष्मा, शर्ट खोचलेला, दोन्ही हात मुठींवर. पात्याला पूर्ण वेग आला की मगच लोखंडाला लावायचे आणि रेटायचे नाही.

शेवटी त्याने माझे खालचे सरकते झाकण अंगठ्याने वर केले आणि सोडले. ते टक् करून मिटले.

"याला गार्ड म्हणतात. डोळ्याची पापणी असते ना, तसं. कापताना उघडतं, कापून झालं की आपोआप मिटतं. वीज बंद झाली तरी पातं लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरत राहतं. तेवढ्या वेळात हाच आपला राखणदार."

प्रल्हादने हे सगळे मनात कोरून ठेवले. रोज सकाळी प्लग लावण्याआधी तो गार्ड उघडून सोडायचा आणि आवाज ऐकायचा. आवाज जरा मंद आला की ब्रशने लोखंडाचा कीस झाडायचा, सांध्यावर तेलाचा थेंब टाकायचा. चंद्रहास त्याला हसायचा. "दादा, मशीनची नाडी बघताय का?" प्रल्हाद म्हणायचा, "बघायला लागते रे." पाच वर्षे मी त्याच्या हातात होते. त्या पाच वर्षांत कुणाच्या बोटालाही खरचटले नाही. लोक कठड्याचे कोन बघून विचारायचे, हे कापलं कुणी? मायकल अभिमानाने प्रल्हादकडे बोट दाखवायचा.

मग २००५ सालचा मे महिना आला. विरारच्या एका सात मजली इमारतीच्या सगळ्या जाळ्यांचे काम मायकलने घेतले. घरांचा ताबा द्यायचा दिवस ठरला होता, पूजा ठरली होती आणि बिल्डरचा माणूस रोज येऊन बसत होता. त्यातच वीज दिवसातून दोनदा जायची. जायची वेळ पेपरात छापून यायची, पण तीही पाळली जात नसे. काम मागे पडत चालले.

त्या जाळ्यांची नक्षी तिरकी होती. पातळ चौकोनी पाइप तिरका कापताना माझ्या गार्डची कड पाइपच्या कोपऱ्यावर अडायची. प्रत्येक वेळी प्रल्हादला अंगठ्याने गार्ड उचलून कापाला सुरुवात करावी लागे. मायकल घड्याळ बघत मागे उभा होता. चंद्रहास तयार जाळ्या बसवायला विरारला गेला होता. शेडमध्ये ते दोघे आणि मी.

मायकलने बाइंडिंगच्या तारेचा तुकडा उचलला. माझा प्लग काढला. गार्ड वर ओढला आणि तारेने मुठीला बांधून टाकला.

"शेठ, हे नको," प्रल्हाद म्हणाला. "झाकण मोकळं राहू द्या. मी अर्धा तास जास्त थांबतो."

"अर्ध्या तासानं काय होणार? दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. नंतर सोडून टाकू."

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मी सहा वर्षं बोटी कापल्यात, प्रल्हाद. मला नको शिकवू. घे."

प्रल्हादने चष्मा डोळ्यांवर ओढला. मग त्याने मला उचलले. त्याची मूठ मला ओळखीची होती. त्या दिवशी ती घामाने ओली होती.

दोन दिवस त्याने मला फार जपून चालवले. कापून झाले की पाते थांबेपर्यंत मला पुढे, हातभर लांब धरून उभा राहायचा. दंड भरून यायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला एका पाइपचे टोक खाली पडले आणि त्याच क्षणी वीज गेली. पंखा थांबला, दिवे गेले, माझा आवाज एकदम खाली आला. चंद्रहास बाहेर टेम्पोत जाळ्या चढवत होता. "गेली का परत?" त्याने विचारले. प्रल्हादने दाराकडे तोंड फिरवले आणि पाच वर्षांच्या सवयीने मला उजव्या बाजूला खाली सोडले.

माझे पाते अजून फिरत होते. पापणी मिटायला हवी होती, ती बांधलेली होती. आधी पँटचे कापड दातांत आले, मग त्याची मांडी.

पुढचे मी थोडक्यात सांगते. चंद्रहास धावत आला, त्याने शर्ट काढून प्रल्हादची मांडी करकचून बांधली आणि मायकलने त्याला टेम्पोत घातले. शेडमध्ये मी एकटी राहिले, रक्तात. जीव वाचला. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

संध्याकाळी मायकल एकटा परत आला. तो बाकापाशी बसला. मग पक्कडीने त्याने तार तोडली. दुसऱ्या दिवशी हवालदार आला तेव्हा चंद्रहासही तिथे होता. मायकल तारेचे तुकडे दाखवत म्हणाला, "तार त्यानंच बांधली होती, साहेब. मला ठाऊक असतं तर मी बांधू दिली नसती." चंद्रहासने त्याच्याकडे पाहिले, पण तो बोलला नाही. त्याने तार बघितली होती. बांधताना बघितले नव्हते.

मित्रांनो, तेव्हा मला वाटले, प्रल्हाद बरा होऊन येईल आणि खरे काय ते सांगेल. तो चार महिन्यांनी आला, दोन कुबड्यांवर. आणि पोलिसांना त्यानेही तेच सांगितले होते, हे पुढे त्या दोघांच्या बोलण्यातून मला कळले. दवाखान्यात मायकलने त्याला समजावले होते, शेड बंद पडली तर तुला कोण ठेवणार, तू असाच जबाब दे, जन्मभर काम देतो. प्रल्हादने होकार दिला. मायकलने शब्दही पाळला. दाराजवळ त्याला स्टूल दिले. कापलेल्या पाइपांच्या कडा कानशीने घासायच्या, माझी पाती बदलायची, असे बसून करायचे काम तो करू लागला.

पण घर होते ना. त्याची बायको वसुंधरा बालवाडीत शिकवायची, मुलगी आर्या तेव्हा चौथीत होती. एकदा डबा खाताना तो चंद्रहासला म्हणाला, "ती वाईट नाही रे. पण दमून आली की बोलते. म्हणते, स्वतःच्या हातानं पाय घालवलात, माझा नाही तर पोरीचा तरी विचार करायचा. मी ऐकून घेतो."

"आणि आर्या?"

"ती काही बोलत नाही." त्याने डब्याचे झाकण लावले. "शाळेतून सांगितलं होतं, वडील काय काम करतात ते लिहून आणा. तिनं लिहिलंच नाही."

अशी तीन वर्षे गेली. पुढे संग्राम नावाचा नवा कारागीर कामाला आला. मायकलने त्याला बाकासमोर उभे केले. पुन्हा तोच धडा, प्लग, पाते, शिकंजा, चष्मा. गार्डपाशी आल्यावर त्याने दाराकडे मान वळवली.

"तो प्रल्हाद बघ. इतका हुशार माणूस. पण आळस केला, गार्ड तारेनं बांधून ठेवला. पाय गेला. तू असला आळशीपणा करू नकोस."

कानस थांबली.

"शेठ," प्रल्हाद म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तार मी बांधली म्हणा. तसं आपलं ठरलंय. पण आळस म्हणू नका."

चंद्रहासने हातातला पाइप खाली ठेवला. "ठरलंय म्हणजे काय, दादा?"

प्रल्हाद पुन्हा कडा घासू लागला. मायकल चष्मा पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुंधरा आली. चंद्रहासने तिला रात्रीच सांगितले असावे. बालवाडीत जायची इस्त्रीची साडी तिच्या अंगावर होती. ती सरळ मायकलसमोर येऊन उभी राहिली.

"मायकलशेठ, एकच विचारायचंय. तार कोणी बांधली?"

"वसुंधरा, घरी जा," प्रल्हाद म्हणाला.

"तुम्ही बोलू नका. तीन वर्षं गप्प बसलात ना, अजून थोडं बसा."

मायकलने माझ्याकडे बघितले, मग जमिनीकडे. "मी बांधली," तो म्हणाला. "तो नको म्हणत होता."

"या नव्या माणसाला ऐकू गेलं नाही."

मायकलने मान वर केली. "मी बांधली. प्रल्हाद नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. नंतर त्याच्या नावावर टाकली."

मला वाटले, ती ओरडेल. ती ओरडली नाही. प्रल्हादच्या स्टुलापाशी जाऊन खाली बसली आणि त्याच्या हातातली कानस काढून बाजूला ठेवली. "मी रोज बोलत होते तुम्हाला," ती म्हणाली. "रोज. आणि तुम्ही जेवत बसायचात."

"काम गेलं असतं."

"जाऊ द्यायचं होतंत."

ती उठली. मग तिने त्याचा डबा पिशवीत टाकला आणि कुबड्या त्याच्या हातात दिल्या. मायकल दोन पावले पुढे आला. "वहिनी, माझं चुकलं. सांगाल ते करतो."

"पोलिसांना सांगा," ती म्हणाली. "माझ्या मुलीला मी सांगते."

ती दोघे गेली, ती पुन्हा आली नाहीत. मायकल त्याच आठवड्यात ठाण्यात जाऊन खरा जबाब देऊन आला. खटला उभा राहिला. कामे येईनाशी झाली, संग्राम गेला, चंद्रहासही गेला, आणि वर्षभरात शेडला कुलूप लागले. मायकलने मला विकले नाही. घरी आणून या खोलीत ठेवले. घड काढायला येतो तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून काम करतो.

चंद्रहास एकदा केळी न्यायला आला होता, तेव्हा कळले की प्रल्हाद आता विरारला एका हार्डवेअरच्या दुकानात बसतो. माझ्यासारखे कटर घेणाऱ्या गिऱ्हाइकांना तो पाते बसवून देतो. गिऱ्हाइकाने स्वतः गार्ड उघडून मिटवून दाखवल्याशिवाय तो यंत्र त्याच्या हातात देत नाही. मायकल हे ऐकून घरात निघून गेला. माफी त्याने पुन्हा मागितली का आणि ती मिळाली का, ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात माझ्यासारखी यंत्रे येतील. कुणी घाईत म्हणेल, दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे. तो माणूस तुमचा मालक असेल, गुरू असेल, तरी यंत्र खाली ठेवा. आणि कधी तुमच्याच हातून कुणाचे नुकसान झाले, तर त्याच दिवशी सांगा. मायकलने त्या दुपारी खरे सांगितले असते, तरी प्रल्हादचा पाय परत आला नसता. पण त्या घरातली तीन वर्षे वाचली असती.