गुळाचा खडा आणि गवा

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. कोल्हापुरात ताडपत्र्या शिवणाऱ्या बाळासोंनी जाड खाकी कापडातून मला शिवले. माझे मालक रुद्राप्पा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होते. सुट्टी मिळाली की ते आणि त्यांच्या पत्नी गौराबाई मला घेऊन दाजीपूरच्या जंगलात, उंच सड्यावर, कातळाच्या पठारावर, मुक्कामाला जात. गौराबाईंना एकदा तरी जवळून, डोळे भरून गवा पाहायचा होता.

पण यंत्रांच्या खडखडाटात राबून रुद्राप्पांचा आवाज फार चढला होता. गवा झाडीतून डोके काढी, रुद्राप्पा कुजबुजत, "गौरा, आला बघ," आणि गवा पसार होई.

"तुमी कुजबुजला तरी जोतिबाच्या डोंगरावर ऐकू जातंय," गौराबाई म्हणत.

पुढे रुद्राप्पांचे गुडघे दुखू लागले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे ओल लागली, उंदरांनी मला कुरतडले. आता आपले पोतेरे होणार, असे वाटू लागले.

यंदा थंडीत मला अचानक खाली काढले. गौराबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असे डॉक्टर म्हणाले होते.

"आता न्हाय दिसला तर कवा दिसायचा?" एवढेच त्या बोलल्या.

सड्यावर उजाडत होते. बाहेर गवत मोडल्याचा आवाज आला. रुद्राप्पांनी तोंड उघडले, तोच गौराबाईंनी गुळाचा भला मोठा खडा त्यात कोंबला. मग उंदरांनी पाडलेल्या एका भोकाला डोळा लावला. काळाभोर गवा समोरच चरत होता, पायांत जणू पांढरे मोजे घातलेला. त्याचा श्वास माझ्या कापडाला लागत होता.

गूळ विरघळेपर्यंत गवा पोटभर चरून वळला.

"पावणं, सावकाश जावा," रुद्राप्पा म्हणाले. गव्याने कानसुद्धा हलवला नाही.

"म्हातारपणी का हुईना, हळू बोललासा की," गौराबाई हसल्या.

मित्रांनो, तंबू घडी करण्याआधी उन्हात वाळवा. उंदरांपासून जपा. मलाही आता रुद्राप्पा ठिगळे लावत बसले आहेत. फक्त एका भोकाला गौराबाई सुई लावू देत नाहीत.

"तेवढं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणतात. "ती माझी खिडकी हाय."