इंजिनात काही बिघडलं नव्हतं

संग्रहालयाच्या शेडमध्ये लढाऊ विमानाची डागडुजी चालू होती. आपल्या तुकडीतलं युद्धातून वाचलेलं हे एवढं एकच विमान. तेव्हा ते उडवणाऱ्या वैमानिकाला त्याची लेक दुपारी घेऊन आली. पंच्याऐंशी वर्षांचा, हातात काठी, पण चालणं ताठ. त्यानं पंखाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"आत बसायचंय का, काका?" मेकॅनिक बाईनं हात पुसत विचारलं.

"नको. इंजिन उघडलंत तुम्ही?"

"अगदी सुटं करून पुन्हा बसवलं."

"काय बिघडलं होतं?"

"काही नाही. इतकं निगुतीनं ठेवलेलं इंजिन मी तरी दुसरं पाहिलं नाही. त्या फिटरच्या हाताला तोड नव्हती बघा."

म्हातारा तिथल्याच लाकडी खोक्यावर मटकन बसला. चक्कर आली असं वाटून लेक पाणी आणायला निघाली, तर त्यानं तिचं मनगट धरलं.

"लढाईच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं निघालो होतो. मी माझ्या विमानात, माझा जोडीदार त्याच्या; बुटका म्हणायचो आम्ही त्याला. सरहद्द दिसली आणि मी घाबरलो. रेडिओवर सांगितलं, इंजिन धड नाही, मागे फिरतोय. बुटका म्हणाला, तू हो पुढे घरी, मी उरकून आलोच. तो आला नाही."

"पण बाबा, इंजिनच बिघडलं होतं ना? आम्ही लहानपणापासून..."

"ते मी सांगत आलो. चौकशीत फिटरवर ठपका आला. कामावरून काढलं त्याला. मी समोर बसलो होतो. अवाक्षर काढलं नाही."

 लेकीनं मेकॅनिक बाईकडे विमानाची जुनी नोंदवही मागितली आणि फिटरचं नाव, गाव उतरवून घेतलं.

घर सापडायला महिना गेला. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हातारा दर जिन्याला थांबत, धापा टाकत चढला. दार फिटरच्या बायकोनं उघडलं. फिटर जाऊन चार वर्षं झाली होती.

म्हाताऱ्यानं सांगितलेलं सगळं तिनं ऐकून घेतलं.

"पुढं सायकलींचं दुकान टाकलं त्यांनी," ती म्हणाली. "एकेक नट तीन-तीनदा तपासायचे. गिऱ्हाइकं कंटाळायची. मला म्हणायचे, माझ्याकडूनच काहीतरी राहिलं गं, माझ्यापायी तो दुसऱ्या विमानातला पोरगा एकटा पडला आणि गेला."

"वहिनी, मी..."

"माफी मागू नका. ती द्यायला माणूस कुठाय आता?"

तिनं आतून मुलाला बोलावलं. पन्नाशीचा, डोळे थेट बापासारखे. "यांना पहिल्यापासून सांगू दे," ती त्याला म्हणाली. "मध्ये बोलू नकोस."

म्हाताऱ्यानं पुन्हा सगळं सांगितलं, उभ्यानंच. मुलानं ऐकलं. खाली मान घालून तो एवढंच म्हणाला, "मी लहान असताना त्यांच्याशी भांडायचो. म्हणायचो, तुम्ही नीट काम केलं असतं तर..." आणि उठून आत गेला.

"या आता तुम्ही," फिटरची बायको म्हणाली आणि दारापर्यंत सोडायला आली.