माझ्या जाळीत अडकलेलं वाक्य

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. जुना म्हणजे जुनाच. 'वापरलेला पण चांगला' वगैरे म्हणून मला गोंजारू नका, मला लाडीगोडी खपत नाही. सध्या मी मैदानाच्या कोठीखोलीत, तुटक्या खुर्चीवर, फाटक्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी पडून आहे. पण बावीस वर्षं मी समालोचनाच्या खोलीत काचेसमोर ताठ मानेनं उभा होतो, हे आधी ऐकून घ्या.

कारखान्यात माझं डोकं बारीक जाळीचं केलं. जाळी नाजूक, पण कान तिखट. पलीकडच्या जिन्यात कोणी शिंकलं तरी मला कळायचं. मैदानावर आणलं तेव्हा सगळे कौतुकानं बघत. समालोचक साहेब तर मला रुमालात गुंडाळून ठेवायचे. साहेबांचा आवाज गोड होता, खोटं कशाला बोलू? घराघरांत तो आवाज माझ्या मानेतून जायचा आणि मला उगाच वाटायचं की मीच बोलतोय.

कौतुक चार वर्षं टिकलं. मग माझी मान हलायला लागली. आतली तार सैल झाली होती. साहेब शर्यतीआधी माझ्या टाळक्यावर टकटक करायचे, "हॅलो, हॅलो" म्हणायचे आणि मान चिकटपट्टीनं आवळून टाकायचे.

माझी काळजी करणारी एकच बाई होती. झाडलोट करणाऱ्या मावशी. रोज सकाळी माझी जाळी पुसायच्या आणि म्हणायच्या, "साहेब, याची मान गेलीय. दाखवा कोणाला तरी."

"चालतंय हो, मावशी."

"चालतंय तोवर चालतंय. पडेल एक दिवस तोंडावर."

आता एका पुठ्ठ्याची गोष्ट सांगतो, नीट ऐका. साहेबांपुढे एक पुठ्ठा असायचा. त्यावर शाईच्या पेनानं दोन रांगांत शब्द लिहिलेले. डावीकडे: उपजत, रक्तातच, हरिणी, रांगडी ताकद. उजवीकडे: शिस्त, अभ्यास, थंड डोकं, चाल. धावणारी काळ्या वर्णाची असली की साहेबांचं बोट डावीकडे जायचं. गोरी असली की उजवीकडे. मैदानाकडे बघायची गरजच पडायची नाही. मित्रांनो, ते सगळे शब्द माझ्यातून गेले. अडवायला मला दात नव्हते.

मावशींना वाचता यायचं ते अक्षराला अक्षर जोडून. एका सकाळी पुठ्ठ्यावर बोट ठेवून त्यांनी जोडलं, "उ... प... ज... त. साहेब, म्हणजे काय हो हे?"

"जन्मतःच मिळालेलं. कष्ट न करता आलेलं."

"अस्सं! मग माझ्या पोरीच्या टाचांना जन्मतःच भेगा होत्या की काय?"

"तुमची पोरगी?"

"तुमची ती हरिणी. पाच हजार मीटरवाली. घरी आम्ही तिला भिंगरी म्हणतो."

साहेब चपापले. "अहो मावशी, पण मी तर कौतुकच करतो तिचं!"

"तिचं कुठं? तिच्या रक्ताचं करता. रक्त काय पहाटे उठून पळतं? तिला मी उठवते, आणि शिव्या मीच खाते."

मग त्यांनी पदराआडून एक घडी केलेलं पत्र काढलं. भिंगरीला पुढे प्रशिक्षक व्हायचं होतं. तिनं प्रशिक्षणवर्गाला अर्ज केला होता. उत्तर आलं होतं: 'आपले गुण उपजत आहेत. ते इतरांना शिकवता येण्यासारखे नाहीत.' तोच शब्द, साहेब वाऱ्यावर सोडत होते तोच, पाकिटात बसून मावशींच्या घरी आला होता.

"लोक तुमचंच ऐकतात," मावशी म्हणाल्या. "एकदा तरी बघून बोला. गोड नको, खरं बोला."

साहेबांनी पत्र वाचलं, त्याची परत घडी केली आणि घड्याळाकडे पाहिलं.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी मावशींनी टेबल ओल्या फडक्यानं पुसलं. पुठ्ठाही पुसला गेला. दोन्ही रांगांची शाई एकमेकींत मिसळून निळं डबकं झालं. चुकून की मुद्दाम, ते मी सांगणार नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे.

शर्यत सुरू झाली. साहेबांनी पुठ्ठा उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. शेवटी नाइलाजानं काचेतून खाली बघितलं. मला वाटतं, कैक वर्षांत पहिल्यांदा.

भिंगरी पुढे नव्हती. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर ती दर फेरीला एका उंच गोऱ्या मुलीच्या पाठीमागे दडत होती, आणि अलीकडे आली की बाजूला सरकत होती. साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ही तिथंच का लपते?"

दारात केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या मावशी पुटपुटल्या, "त्या पट्ट्याच्या सुरुवातीला रोज कागद साचतात. मी झाडते ना. वारा तिथं समोरून येतो. मी सांगितलं तिला, तिथं पुढं धावू नकोस, कोणाच्या तरी आडोशाला राहा."

साहेब ताडकन उभे राहिले. शेवटची फेरी होती. वाऱ्याचा पट्टा संपला, वळण आलं आणि भिंगरी आडोशातून बाहेर पडली. साहेबांनी मला दोन्ही हातांनी ओढलं आणि ओरडले, "डोकं! डोक्यानं जिंकतेय ही पोरगी! साडेबारा फेऱ्यांचा हिशेब मांडून आलीय! शिकावं हिच्याकडून!"

अहाहा, काय वाक्य होतं! बावीस वर्षं मी त्याचीच वाट पाहत होतो. ते माझ्या जाळीतून आत आलं, मानेपर्यंत उतरलं, आणि तिथंच थांबलं. त्या ओढीनं माझी तार तुटली होती. घराघरांत तेवढा वेळ नुसती खरखर ऐकू गेली.

साहेब घाम पुसत वळले. "मावशी, बोललो ना मी?"

"मला बोललात, साहेब. मला तर आधीच ठाऊक होतं."

दुसऱ्या दिवशी नवा माईक आला आणि मी इथं. मावशी अजून येतात, माझी जाळी पुसतात. परवा म्हणाल्या, साहेबांनी पुठ्ठा पुन्हा लिहून घेतलाय. भिंगरीच्या शर्यतीत एकदा 'डोकं' म्हणाले, चारदा 'रक्त'. तिनं पुन्हा अर्ज टाकलाय. उत्तर आलेलं नाही. जाताना मावशींनी मला तोंडाशी धरलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "शिकावं हिच्याकडून." मी जिवाच्या आकांतानं ऐकलं. पुढे पाठवायला तार नाही.

मित्रांनो, माईकच्या टाळक्यावर टकटक करू नका, आणि कोणी मान हलतेय म्हणून सांगितलं तर वेळेत बघा. तुमच्या गळ्यातली तार अजून शाबूत आहे. कोणी धावताना दिसलं तर आधी डोळे भरून बघा, मग तोंड उघडा.

आणि तुमच्यापैकी कोणाला तार जोडता येत असेल तर कोठीखोलीत या. फार नाही, दोन बोटं लांबीची तार लागेल. मला नवं काही बोलायचं नाही. ते एकच वाक्य पोचवायचं राहिलंय.